भाड्याचं घर, इंडक्शन आणि मासळीचा वास

मु_पो_कुडाळ | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीत वन आरके भाड्याने घेतलंय. अकरा महिन्यांचा करार, त्यातला आठवा महिना चालू. मालक काका-काकू वरच्या मजल्यावर राहतात. करारातल्या छापील अटींखाली काकांनी पेनाने एक अट वाढवली आहे : 'मांसाहार शिजवणे व खाणे वर्ज्य.' मी कुडाळची. सही करताना जिवावर आलं होतं, पण भाडं परवडणारं आणि ऑफिस चालत दहा मिनिटांवर.

गेल्या पंधरवड्यात काका तीनदा खाली आले. "मासळीचा वास येतोय." मी ओटा दाखवला, डबे उघडून दाखवले, कचऱ्याची बादलीसुद्धा दाखवली. काका काही न बोलता वर गेले, पण चेहऱ्यावर 'बघून घेईन' स्पष्ट होतं. तिसऱ्या वेळी मात्र वास मलाही आला. आता सुका बांगडा मी झोपेतही ओळखेन. हा तो नव्हता. मासळीसारखाच, पण खारेपणा नाही, आणि मागे जळक्या प्लास्टिकची छटा.

वास येतो संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, मी वरण-भात लावते तेव्हा. घरात गॅस नाही, इंडक्शन आहे. त्याच्या प्लगच्या पिना जाड आणि ओट्यावरचं सॉकेट साधं, बारीक भोकांचं, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्व्हर्टर आणलाय. त्याच बोर्डावरून एक्स्टेंशन काढून फ्रिजही चालतो. काल प्लग काढायला गेले तर बोटाला चटका बसला. सॉकेटच्या खालच्या डाव्या भोकाभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी झालंय.

हे दुखणं इंडक्शनचं की बोर्डाचं? एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा मेन बोर्डातला स्विच) एकदाही पडला नाही, म्हणून मी निर्धास्त होते. आणि बोर्ड बदलायचा झाला तर खर्च कोणी करायचा? काकांना विचारलं, तर म्हणाले, "बोर्ड चाळीस वर्षं व्यवस्थित आहे, वापर तुमचा आहे."

---

तारतंत्री | सोमवार, रात्री १०:३१

ताई, आधी तो कन्व्हर्टर काढा. धागा वाचून झाल्यावर नाही, आत्ता. मेन बंद करा, मग काढा. उद्या डबा मागवा. सविस्तर लिहितो.

---

चिकित्सक_पेठकर | सोमवार, रात्री १०:५०

रुमाल टाकून ठेवतो.

बाकी सदाशिव पेठेत मासळीचा वास आला आणि प्रकरण फक्त तीन फेऱ्यांवर निभावलं, म्हणजे तुमचे मालक फार सज्जन आहेत.

---

तारतंत्री | सोमवार, रात्री ११:२०

काढला असेल असं धरतो.

मी तीस वर्षं वायरिंगची कामं करतोय, निम्मी पेठांतच. या मासळीच्या वासावरून भाडेकरू आणि मालकांची भांडणं झालेली मी पाहिली आहेत. जुनी पांढरी कडक सॉकेटं युरिया फॉर्मल्डिहाइड जातीच्या प्लास्टिकची असतात. ते तापून आतून सुटायला लागलं की जो वायू निघतो त्याला असाच वास येतो. म्हणजे काकांचं नाक खोटं बोलत नव्हतं, फक्त वास तुमच्या पातेल्यातून येत नव्हता.

आता हिशोब. इंडक्शन उलटं करून बघा, मागे बहुतेक २००० वॅट लिहिलेलं असेल. आपल्याकडे २३० व्होल्ट, म्हणजे पूर्ण जोरावर ८.७ अँपिअर. ओट्यावरचं सॉकेट ६ अँपिअरचं, त्याची ताकद जेमतेम १३८० वॅटची. प्लगच्या पिना उगाच जाड केलेल्या नाहीत. 'हे यंत्र बारीक सॉकेटात जाता कामा नये' हे सांगायलाच त्या जाड आहेत. कन्व्हर्टर विकणारा वीस-तीस रुपयांत ती सूचना पुसून देतो.

तरी एमसीबी का पडला नाही? हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. एमसीबी वायरमधून किती प्रवाह जातोय एवढंच बघतो. तुमच्या सॉकेटातला स्क्रू ढिला असेल किंवा आतली पितळी पकड सैल झाली असेल, तर प्रवाह वाढत नाही. तेवढाच राहतो, पण त्या एका जागी अडखळतो. समजा तिथे अर्धा ओहम अडथळा तयार झाला. ८.७ चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे साधारण ३८ वॅट उष्णता, आणि तीही वाटाण्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची सळई २५ वॅटची असते, त्यावर ती कथील वितळवते. तुमच्या भिंतीत तिच्या दीडपट सळई रोज संध्याकाळी अर्धा तास चालू होती. एमसीबीला याचा पत्ताच लागत नाही. त्याच्या हिशोबी सगळं आलबेल.

दुसरी गोष्ट. १६ अँपिअरचा एमसीबी १६ वर पडतो असं लोक समजतात. तसं नसतं. १.१३ पट प्रवाहाला तासभर पडायचं नाही आणि १.४५ पटीला, म्हणजे २३ अँपिअरच्या आसपास, तासाच्या आत पडायचं असंच त्याचं मानक आहे. आणि वारंवार पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवून देणारा कोणी भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. एमसीबी वायरच्या जाडीवरून ठरतो, आपल्या सोयीवरून नाही.

आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती पकडणारा स्विच, वेगळा. ३० मिलिअँपिअरचा असतो, शॉकपासून वाचवतो, तो हवाच. पण ढिल्या स्क्रूपुढे तोही आंधळा.

तुम्हाला काय लागेल : मेन बोर्डापासून वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिच्यावर १६ चा स्वतंत्र एमसीबी, ओट्यावर १६ अँपिअरचं सॉकेट, आणि अर्थिंग खरंच आहे का याची तपासणी. जुन्या इमारतींत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं.

---

वाकडवाट | मंगळवार, सकाळी ९:०५

काका, प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

जुन्या इमारतींनाच नावं ठेवू नका हं. आम्ही वाकडला विसाव्या मजल्यावर भाड्याने राहतो. ओट्यावर १६ चे दोन पॉइंट बिल्डरने दिलेत, दोन्ही फ्रिज जिथे ठेवतात बरोबर त्याच्या पाठीमागे. मग काय, एका पॉइंटला मल्टीप्लग आणि त्यावर मायक्रोवेव्ह, ओटीजी, एअर फ्रायर. रविवारी पाहुणे आले, तिन्ही एकदम लावले आणि मल्टीप्लग मेणासारखा मऊ पडला. माझ्या सासूबाईंनी हात लावून सांगितलं, "अहो, हा तापलाय, आजाऱ्यासारखा." आम्ही तिघं इंजिनिअर घरात, एकालाही सुचलं नव्हतं.

नंतर तिन्हींच्या मागचे आकडे वाचले. बेरीज ४२०० वॅट. १६ अँपिअरला ३६८० ची मर्यादा. आता एका वेळी एकच यंत्र, आणि मल्टीप्लग कचऱ्यात.

---

चिकित्सक_पेठकर | मंगळवार, सकाळी ९:४०

सगळं खरं, पण जरा अती होतंय असं नाही वाटत? आमच्या वाड्यात अजून किटकॅट फ्यूज आहेत, चिनी मातीचे, तार घालायचे. माझ्या लहानपणापासून कधी काही झालं नाही. फ्यूज उडाला की तार बदलायची, संपलं. हे इंडक्शन वगैरे कशाला हवंय, गॅस घ्या.

---

तारतंत्री | मंगळवार, दुपारी १:१५

पेठकर, वाड्यातला किटकॅट चांगलाच, त्यात योग्य जाडीची तार असेल तोपर्यंत. एक काम करा, दिवसाउजेडी मेन बंद करून फ्यूज उपसा आणि तार किती पदरी आहे ते बघा. उडतो उडतो म्हणून कोणीतरी कधीतरी वायरचे चार-पाच पदर पिळून घातलेले असतात. मग तो फ्यूज राहत नाही, खिळा होतो. वर तुमच्या वाड्याला सागवानी खांब आणि लाकडी तक्तपोशी. लहानपणी घरात दोन बल्ब आणि एक पंखा होता, आता काय काय आहे ते मोजा.

---

चिकित्सक_पेठकर | मंगळवार, दुपारी २:०२

बघितलं.

सहा पदर निघाले. वायरमनचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा.

---

कॉटबेसिस | मंगळवार, रात्री ११:५५

आम्हाला वालीच नाही म्हणून लिहितो. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत चौघं, स्पर्धा परीक्षा. भिंतीवर पाटी : 'हीटर, शेगडी, इंडक्शन सापडल्यास डिपॉझिट जप्त.' मेसचं रात्रीचं जेवण साडेनऊला बंद. अभ्यासिकेतून आम्ही अकराला येतो. भूक काय पाटी वाचत नाही.

मग होतं काय, की सगळं लपून होतं. इंडक्शन कपाटात. खालच्या कप्प्यातच लावायचं, दार अर्धं लोटायचं, वर शर्ट लटकतायत. मालकांच्या चपलांचा आवाज आला की तापलेलं इंडक्शन तसंच चादरीखाली. किटलीत मॅगी केली की पाणी उतू जाऊन खाली तळाच्या कनेक्शनमध्ये उतरतं. केटल १५०० वॅटची, एक्स्टेंशन मोबाइल चार्जरसाठी घेतलेली. आणि ती एक्स्टेंशन गुंडाळून गादीखाली, म्हणजे तिची उष्णता बाहेर जायलाही वाट नाही.

पाणी तापवायच्या रॉडचं तर विचारू नका. रॉडचा प्लग तुटला होता, म्हणून एकाने नुसत्या सोललेल्या वायरी भोकांत घालून काड्यापेटीच्या काड्या खुपसल्या. हे मी पाहिलेलं नाही, हे मी केलेलं आहे. एकदा रॉड लावून पोरगा झोपला. बादलीतलं पाणी आटत गेलं, रॉड उघडा पडला आणि प्लास्टिकची बादली एका बाजूने खचून जमिनीवर पसरली. धुराने आम्ही उठलो. पहाटे पाच वाजता चौघं मिळून फरशी खरवडत होतो, मालक उठायच्या आत.

आग लागली असती तरी आधी डिपॉझिटचाच विचार आला असता, इतकं डोकं फिरलेलं असतं. बंदी घालून यंत्रं जात नाहीत हो. फक्त कपाटात जातात.

---

मालक_पण_माणूस | बुधवार, सकाळी ७:१०

कॉटबेसिस, तुझी पोस्ट वाचून चहा गार झाला.

मी दुसऱ्या बाजूचा. निवृत्त. कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने देतो. करार तीन मुलांचा, प्रत्यक्षात कधी पाच, कधी सहा. एकदा गिझर बिघडला म्हणून गेलो तर स्वयंपाकघरातल्या प्रत्येक सॉकेटात काही ना काही. काळी टेप गुंडाळलेले जोड फरशीवर, आणि पावसाळा म्हणून फ्रिजच्या मागच्या बाजूला मोजे वाळत घातलेले. अशी आग लागली तर विमा, पोलीस, सोसायटी, सगळं माझ्याच दारात येणार.

पहिल्यांदा मीही पाटीच लावली होती, अगदी कॉटबेसिसच्या मालकांसारखी. फरक शून्य. मग मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना कुठे लावायचं ते तरी सांगा." पटलं. तपकीर गल्लीत जाऊन चांगलं १६ चं सॉकेट, वायर आणि एमसीबी आणला, ओट्याच्या मोकळ्या टोकाला बसवून घेतला. सिंकपासून लांब. सगळं मिळून एका महिन्याच्या मेंटेनन्सएवढाही खर्च आला नाही. पाटी मात्र लावलीच, पुण्यात राहतो : 'इंडक्शन येथेच लावावे. अन्यत्र लावल्यास पुढील स्वयंपाक अग्निशमन दलाचे जवान पाण्यात करतील.'

दोन वर्षं झाली. सॉकेटाचा रंग अजून पांढरा आहे, दर सहा महिन्यांनी मी जाऊन बघतो. मुलं हसतात. हसू देत.

मु_पो_कुडाळ, काकांना एकदम 'बोर्ड बदला' म्हणू नका. चाळीस वर्षांच्या बोर्डाचा अपमान होतो. आधी बोर्ड उघडून दाखवा.

---

चौदा_पॉइंट_दोन | बुधवार, दुपारी १२:३०

गॅसचा विषय पेठकरांनी काढलाच आहे म्हणून. मी गॅस एजन्सीत बारा वर्षं होते, घरोघरी तपासणीला जायचे. भाड्याच्या घरात मी सगळ्यात आधी काय बघायचे? नळी. कारण नळी कोणाचीच नसते. आधीचा भाडेकरू टाकून गेला, त्याच्या आधीच्याने आणली. केशरी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांची मुदत. तेलाच्या थराखाली ती दिसतसुद्धा नाही, पुसून वाचावी लागते. एका घरात वाचली तर ती नळी भाडेकरूच्या लग्नाच्याही आधीची निघाली. उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या तर पेठांत नेहमीच्या. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की संपलं. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, ओट्याच्या लाकडी कपाटातून वळवून नेलेली नको, शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी, आणि टाकी कायम उभीच.

आणखी एक, जे कोणी बघत नाही : टाकीच्या वरच्या कड्याला आतल्या बाजूने ए, बी, सी, डी पैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, याप्रमाणे वर्षाचे चार भाग. 'बी २७' असेल तर २०२७ च्या जूनअखेर तिची चाचणी व्हायला हवी. तारीख उलटलेली टाकी दारात घेऊच नका.

मॉड्युलर किचनवाल्यांनो, टाकीचं कपाट खाली जाळीचं हवं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत पसरतो आणि बंद कपाटात साचतो. पाइपचा गॅस उलटा, तो हवेपेक्षा हलका, वर जातो, त्याला वरची खिडकी हवी. टाकीवरून पाइपच्या गॅसवर जाताना शेगडीचे जेट बदलावे लागतात, ते स्वतः करू नका.

वास आला तर? एकही बटण दाबायचं नाही. चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडते. पंखा लावून वास घालवणारे लोक मी पाहिलेत, अंगावर काटा येतो. रेग्युलेटर बंद, टोपी लावायची, दारं-खिडक्या उघडायच्या, देवघरातला दिवा शांत करायचा, बाहेर पडून १९०६ ला फोन. देवघराचं मुद्दाम लिहिलं. पुण्यातल्या वन आरकेमध्ये देवघर बहुतेक ओट्याच्याच टोकाला असतं आणि समई टाकीपासून हातभर अंतरावर.

आणि ज्यांच्याकडे पत्त्याचा पुरावा नाही म्हणून गल्लीतल्या दुकानात शेगडीची छोटी टाकी भरून घेतात, त्यांनी ते बंद करा. ५ किलोची अधिकृत टाकी नुसत्या ओळखपत्रावर मिळते. मित्राच्या नावाची टाकी आणून वापरण्यातही अडचण आहे. तेल कंपन्यांचा अपघात विमा असतो, पण मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई नोंदणी असलेल्या पत्त्यावरच्या अपघाताला मिळते.

---

चकलीचा_सोऱ्या | बुधवार, रात्री ९:२०

विजेचं आणि गॅसचं झालं, तेलाचं राहिलं.

गेल्या दिवाळीची गोष्ट. कर्वेनगरला भाड्याचा फ्लॅट, मी चकल्या तळत होते. घाणा काढला, पुढचा सोऱ्यात भरायचा म्हणून पाठ वळवली, तेवढ्यात आईचा फोन. 'भाजणी खुसखुशीत झाली का' यावर पाच मिनिटं गेली. वळून बघते तर कढईवर निळसर धूर, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो धूरच पेटला. भप्प असा बारीक आवाज. ज्वाळा चिमणीच्या जाळीपर्यंत.

खरं सांगते, माझा हात पाण्याच्या तांब्याकडे गेला होता. आपोआप. आपल्याला लहानपणापासून आग म्हणजे पाणी हेच माहीत. नवरा दारातून ओरडला म्हणून थांबले. गॅस बंद केला आणि कणीक मळायची स्टीलची परात, जी मी ओट्यावर उगाच पडली म्हणून त्याच दिवशी सकाळी कुरकुरले होते, ती ढालीसारखी पुढे धरून कढईवर सरकवली. वरून टाकली नाही, समोरून सरकवली, म्हणजे ज्वाळा पलीकडे जातात, हातावर येत नाहीत. विझली. पण परात लगेच उचलली नाही. पाऊण तास तशीच ठेवली, कारण तेल तेवढंच तापलेलं असतं, हवा मिळाली की पुन्हा पेटतं.

नंतर वाचलं की पाण्याची वाफ झाली की ती सतराशे पट जागा घेते. तांब्याभर पाणी तेलाच्या तळाशी जाऊन एका क्षणात वाफ झालं असतं तर पेटतं तेल छताला आणि माझ्या तोंडावर. पेटलेली कढई उचलून मोरीत न्यायचा विचारही करू नका.

आता तळण असेल तेव्हा कढईशेजारी परात असतेच. गाऊन सुती. फोन दुसऱ्या खोलीत. आईला सांगून ठेवलंय.

---

वाकडवाट | बुधवार, रात्री ९:४४

बापरे. चिमणीच्या जाळीला तेल साचलेलं नव्हतं हे नशीब. आमची परवा धुतली, खालची वाटी काठोकाठ भरली होती. ऑटो क्लीन लिहिलंय म्हणजे ती वाटी कोणीतरी ओतायची असते हे आम्हाला दीड वर्षाने कळलं.

घरात एक्स्टिंग्विशर घेऊन ठेवावा का?

---

तारतंत्री | गुरुवार, सकाळी ८:००

ठेवा. एबीसी पावडरचा, २ किलोचा पुरतो. पण लोक तो शेगडीच्या बाजूलाच टांगतात. आग तिथेच लागली तर घ्यायला कसं जाणार? दाराजवळ ठेवा. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते अधूनमधून बघा. पेटत्या तेलावर जवळून मारला तर जोराने तेल उडतं, तिथे सोऱ्याताईंची परातच भारी. बोर्ड पेटला तर आधी मेन बंद, पाणी नाही. आणि आग कढईच्या बाहेर गेली असेल तर शूरपणा नको. बाहेर पडा, येताना स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या, १०१ लावा.

---

सोसायटी_सेक्रेटरी | गुरुवार, सकाळी १०:१८

खर्चाच्या प्रश्नावर थोडं. करारात घरातल्या वस्तूंचं परिशिष्ट जोडतात ना, त्यात पंखे मोजतात, नळ मोजतात, बोर्डांची अवस्था कोणीच लिहीत नाही. ती लिहा. राहायला आल्या दिवशी प्रत्येक सॉकेटाचा फोटो काढून मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवा. सहा महिन्यांनी डाग पडला तर तो कधीचा यावर वाद होत नाही. भिंतीतली वायर आणि बोर्ड मालकाचे, प्लगच्या अलीकडचं सगळं भाडेकरूचं, ही विभागणी आमच्या सोसायटीत तरी सगळ्यांना मान्य आहे. करार नोंदवणं ही भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी, त्यामुळे लेखी काय घालायचं हे त्याच वेळी बोलून घ्या.

वीजबिलावर 'मंजूर भार' असतो तोही वाचा. १ किलोवॅट लिहिलेल्या घरात २ किलोवॅटचं इंडक्शन आणि गिझर एकदम चालत असेल, तर ते बोलणं मालकांनी महावितरणशी करायचं आहे.

अवांतर : इमारतीत अग्निशमन यंत्रणा असेल तर ती चालू स्थितीत असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. भाडेकरूंनी मागितलं तर आम्हा सेक्रेटरींना राग येतो, पण मागा.

---

मु_पो_कुडाळ | शनिवार, संध्याकाळी ६:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस डबा खाल्ला. घडलं ते लिहिते.

'मालक_पण_माणूस' यांचं ऐकलं. काकांना म्हटलं, "तुम्हाला येणारा वास शोधायला वायरमन बोलावलाय, तुम्ही समोर असलेलं बरं." काका लगेच खाली आले, हातात बॅटरी घेऊन. वासाच्या तपासाला ते कधीही तयार असतात.

मेन बंद करून वायरमनदादांनी ओट्यावरच्या बोर्डाचे स्क्रू काढले आणि झाकण पुढे ओढलं. काकांनी बॅटरी मारली. सॉकेटाची मागची बाजू डावीकडे फुगून तडकलेली. न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता. त्यातली काळी वायर पार कडक झालेली, आवरण बोटभर लांब उकलून पापुद्र्यासारखं गळून पडलं, आत तांबं काळंनिळं. बोर्डाचा लाकडी डबा त्या जागी रुपयाएवढा कोळसा झालेला. दादांनी तो तुकडा काकांच्या नाकाशी धरला. काका मागे सरकले. "हाच," एवढंच म्हणाले.

पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग काकांनी विचारलं, "वर आमच्या ओट्यावरही असाच लाकडी डबा आहे. तो कधी बघता?"

नवीन पॉइंट झालाय : २.५ ची वायर, १६ चा वेगळा एमसीबी, अर्थिंग तपासून. इंडक्शनचा जाड प्लग थेट त्यात. वायरिंगचा खर्च काकांनी केला, सॉकेट मी आणलं. फ्रिजला भिंतीतलाच प्लग मिळाला आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलाय. कन्व्हर्टर काकांनी जप्त केला, देवघराच्या खणात ठेवलाय म्हणे, पुढच्या भाडेकरूला दाखवायला. अर्धा तास भात-वरण झाल्यावर स्विच बंद करून प्लगला हात लावून बघते. कोमटसुद्धा नाही.

---

चिकित्सक_पेठकर | शनिवार, संध्याकाळी ७:०५

अभिनंदन. आमच्याकडे एकपदरी तार आली. दोनदा उडाला, बायकोने गिझर आणि इस्त्री एकदम लावणं बंद केलं. खरं म्हणजे मी.

मांसाहाराच्या अटीचं काय झालं?

---

मु_पो_कुडाळ | रविवार, रात्री १०:३०

अट आहे तशीच आहे.

पण आज दुपारी मैत्रीण गावाहून आली, येताना आईने दिलेला डबा घेऊन. तो मी शिजवला नाही, फक्त उघडला. दोन मिनिटांत जिन्यात चपला वाजल्या. काका दारात. आधी त्यांनी बोर्डाकडे बघितलं, पुढे होऊन सॉकेटाला हाताची उलटी बाजू लावली.

"गार आहे," म्हणाले.

मी म्हटलं, "हो काका. बोर्ड गार आहे."

काका क्षणभर डब्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "खिडकी उघडी ठेव," आणि वर गेले.